वेटिंग चार्ज

पुण्याहून मुंबईला जायला सकाळी सव्वासातला डेक्कन क्वीन आहे. १ जून १९३० पासून ही गाडी धावते आहे. अंतर १९२ किलोमीटर, वेळ सव्वातीन तासांच्या आसपास, आणि साध्या आरक्षित डब्याचं तिकीट शंभर-सव्वाशे रुपयांच्या घरात. हाच प्रवास आख्खी टॅक्सी करून केला तर तीन-साडेतीन हजार रुपये जातात. वेळ किती वाचतो? खंडाळ्याच्या घाटात कंटेनर आडवा झाला नसेल आणि वाशी-चेंबूरला गाड्या तुंबल्या नसतील, तरीही फारसा वाचत नाही. म्हणजे पंचवीस-तीस पट पैसे मोजून माणूस तेवढ्याच वेळात पोचतो, आणि दिवस वाईट असेल तर उशिरा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दिवसभर 'हे इतकं महाग का पडतंय' हेच शोधत असतो, त्यामुळे हे गणित मला बरेच दिवस खटकत होतं. वेग मिळत नाही, तर माणसं नेमकं काय विकत घेतात?

आराम, असं पहिलं उत्तर येतं. ते खोटं नाही. दारातून दारापर्यंत जाता येतं, बॅगा उचलाव्या लागत नाहीत, एसी असतो. काही जणांच्या बाबतीत तर उत्तर आणखी सोपं आहे: पैसे कंपनी देते. पण स्वतःच्या खिशातून लांबच्या टॅक्सीचं भाडं देणारी माणसं आठवून पाहा. रात्री दोन वाजता मुंबई विमानतळावर उतरून पुण्याला जाणारं कुटुंब, ज्याला सकाळच्या पहिल्या गाडीपर्यंत लहान मूल घेऊन बसवत नाही. केमोथेरपीसाठी मुंबईला येणारा आणि संध्याकाळी लगेच परत निघणारा पेशंट. सकाळी दहाची परीक्षा आणि तत्काळमध्येही न मिळालेलं तिकीट. गावाकडून आलेला, 'ताबडतोब निघ' एवढंच सांगणारा फोन. या सगळ्यांना गाडीत आराम मिळतो, पण त्यासाठी ते पैसे देत नाहीत. ते पैसे देतात ते वाट पाहावी लागू नये म्हणून.

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ याने १९०७ सालच्या 'क्रिएटिव्ह इव्होल्यूशन' या पुस्तकात एक साधं उदाहरण दिलं आहे. पाण्यात साखर टाकली तर ती विरघळेपर्यंत थांबावंच लागतं, तुम्हाला कितीही घाई असो. मला त्यातलं हे उपयोगाचं वाटतं की काही थांबणं वस्तूच्या स्वभावातच असतं. चारशे किलोमीटर म्हणजे चारशे किलोमीटर. ते टॅक्सीलाही चुकत नाहीत, बसलाही नाहीत. पण प्रवासात या साखरेखेरीज आणखी एक थांबणं असतं, आणि ते माणसांनी एकमेकांत वाटून घेतलेलं असतं. महाग आणि स्वस्त प्रवासातला फरक बराचसा या वाटणीत आहे.

आपल्याकडच्या तीन गाड्या घ्या.

पहिली एसटी. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला गेली. (डेक्कन क्वीनचीही तारीख १ जूनच, हा योगायोग.) एसटीचं वेळापत्रक हे एक वचन असतं. आत चार माणसं असोत की साठ, साडेदहाची गाडी साडेदहाला सुटणार. ती कधी उशिरा सुटते, कधी रद्द होते, पण आपण चिडतो ते वचन मोडलं म्हणूनच. इथे सगळेजण घड्याळासाठी थांबतात. डेपो मॅनेजरचा पाहुणा असला तरी नियमाने त्यालाही साडेदहाच.

दुसरी वडाप. किंवा काळी-पिवळी, किंवा दादरची पुण्याला जाणारी शेअर टॅक्सी. तिला वेळापत्रक नसतं. सीट भरल्या की गाडी निघते. इथे प्रवासी एकमेकांसाठी थांबतात, आणि हे थांबणं सारखं वाटलेलं नसतं. पहिला येणारा सगळ्यात जास्त थांबतो, शेवटचा येऊन बसतो आणि गाडी हलते. कधी एखादा घाईतला माणूस म्हणतो, उरलेल्या दोन सीटचे पैसे मी देतो, काढा गाडी. त्याचा आधी बसलेल्यांनाही फायदा होतो, एक पैसा न देता. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. थांबण्याची किंमत रुपयांत किती, हे तिथे सगळ्यांसमोर ठरतं: दोन सीट.

तिसरी आख्खी टॅक्सी. इथे आपण म्हणू तेव्हा गाडी निघते. मग थांबतं कोण?

हा प्रश्न मला माझ्या कामामुळे सुचला. सर्व्हरच्या बाबतीत एक गोष्ट आम्ही लवकर शिकतो. मशीन पंच्याण्णव टक्के कामात ठेवलं तर पैसे वसूल होतात, पण येणाऱ्या प्रत्येक विनंतीला रांगेत उभं राहावं लागतं. विनंती आल्याक्षणी उत्तर हवं असेल, तर काही मशीन्स रिकामी बसलेली असावी लागतात. ताबडतोब मिळणाऱ्या कुठल्याही सेवेमागे कुणीतरी रिकामं बसलेलं असतं. अग्निशमन दलाचे जवान बसलेले असतात, म्हणून बंब दोन मिनिटांत निघतो. फोनच्या स्क्रीनवर 'गाडी ४ मिनिटांत' असं दिसतं, तेव्हा एक माणूस स्टँडवर किंवा एखाद्या मॉलमागच्या गल्लीत सीट मागे करून दोन-तीन तास बसलेला असतो.

म्हणजे टॅक्सी केल्याने थांबणं नाहीसं होत नाही. ते आपल्याकडून ड्रायव्हरकडे जातं. आपण जे जास्तीचे पैसे देतो, ते त्याने आपल्या वाटचं थांबावं यासाठी.

यावर तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? तो त्याचा धंदा आहे आणि त्याला पैसे मिळतात. मान्य. मलाही स्वयंपाक करायचा नसतो तेव्हा मी डबा लावतो. एकाचा वेळ दुसऱ्याने विकत घेणं हे मुळातच वाईट असेल तर सगळ्याच नोकऱ्या वाईट ठरतील, माझीसुद्धा. पण जी गोष्ट विकत घेतली तिचे पैसे खरंच दिले जातात का, हे पाहायला हवं.

जुन्या पद्धतीने बाहेरगावची गाडी ठरवताना हिशेब उघड असायचा. दिवसाला किमान अडीचशे किंवा तीनशे किलोमीटर धरणार, गाडी परत रिकामी येणार म्हणून जाण्यायेण्याचं दोन्हीकडचं भाडं, वर ड्रायव्हर भत्ता, रात्रीचा वेगळा, टोल तुमचा. ऐकणाऱ्याला ते लुटल्यासारखं वाटायचं. 'मी तर एकाच बाजूने जातोय, परतीचे पैसे का देऊ?' हा प्रश्न मी घरात लहानपणापासून ऐकलेला आहे. पण गाडी आणि माणूस परत येणारच असतात, आणि त्या येण्याचं काहीतरी करावं लागतं. मग वन-वे टॅक्सी आली. तुम्ही फक्त जाण्याचे पैसे द्या, परतीचं आम्ही बघू. भाडं बरंच खाली आलं आणि माझ्यासारखे लोक टॅक्सीने जाऊ लागले. पुणे-मुंबईला हे जमतंही, कारण तिथे परतीचं गिऱ्हाईक तासाभरात मिळू शकतं. आडगावी जाणाऱ्या गाडीला ते मिळत नाही. तिथे 'परतीचं आम्ही बघू' याचा अर्थ ड्रायव्हर बघेल, असा होतो.

गेल्या मे महिन्यात मी हे जवळून पाहिलं. ऑफिसमधल्या मित्राला सकाळी साडेआठला गावाहून फोन आला. वडील गेले होते. गाव अहमदपूर तालुक्यात, पुण्यापासून चारशे किलोमीटर. फोनवर चुलत्यांनी सांगितलं, तू आल्याशिवाय उचलणार नाही. मराठवाड्यातला मे महिना, बर्फाच्या लाद्या मागवलेल्या, अंगणात गाव जमलेलं. एसटीने निघालो असतो तर लातूर, तिथून अहमदपूर, तिथून गाव असं करत रात्रीचे दहा-साडेदहा वाजले असते. ट्रॅव्हल्सच्या गाड्या रात्री सुटणार, म्हणजे सकाळ. दिवस मावळायच्या आत पोचायचं तर टॅक्सीच होती. सव्वानऊला निघालो. साडेसात हजार ठरले. मित्राने एकदाही विचार केला नाही, आणि कुणीच केला नसता.

या प्रवासाकडे पाहिलं की टॅक्सी म्हणजे चैन, हे मत टिकत नाही. ते साडेसात हजार मित्राने स्वतःची वाट वाचवायला दिले नव्हते. अंगणात थांबलेल्या शंभर माणसांची वाट त्याने कमी केली होती, त्यातही आईची.

टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा कळलं की ड्रायव्हर पहाटे पाचला मुंबई विमानतळाची ट्रिप पुण्यात सोडून आला होता आणि गाडीतच दोन तास झोपला होता. भाडं घेताना आमचं कारण त्याला कळलं, आणि तो नाही म्हणू शकला नाही. शिवाय चारशे किलोमीटरचं भाडं रोज येत नाही. त्याची दोन्ही कारणं खरी होती. कुर्डूवाडीच्या पुढे गाडी एकदा पांढऱ्या पट्ट्यावर गेली आणि परत आली. गाडीत कुणी बोललं नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी घरून फोन येत होता, कुठवर आलात. बार्शीच्या आधी मित्र म्हणाला, "दादा, बाजूला घ्या. वीस मिनिटं झोपा." ड्रायव्हर म्हणाला, "नाही साहेब, तिकडं सगळे थांबलेत." मित्र म्हणाला, "थांबतील." मग त्याने घरी फोन लावला आणि अर्धा तास उशीर होईल म्हणून सांगितलं. पलीकडून चुलते एवढंच म्हणाले, "सावकाश या."

मी लिंबाच्या झाडाखाली उभा होतो आणि डोक्यात, सवयीने, हिशेब चालू होता. शंभर माणसं वीस मिनिटं जास्त थांबणार, म्हणजे दोन हजार मिनिटं. त्याच्या बदल्यात एका माणसाला वीस मिनिटांची झोप. नुसत्या बेरजेने पाहिलं तर हा सौदा तोट्याचा आहे. अपघाताची भीती हिशेबात धरली तर तो फायद्याचा होतो, हे खरं. पण समजा अपघाताची भीती शून्य असती, गाडी आपोआप चालणारी असती आणि तो माणूस फक्त जागा राहून त्रास सोसणार असता, तरी मित्राने केलं तेच मला बरोबर वाटलं असतं. का वाटलं असतं, यावर मी नंतर बराच विचार केला.

मला वाटतं, थांबण्याची मिनिटं एकमेकांत मिळवता येत नाहीत. अंगणातल्या शंभर जणांचं थांबणं एकमेकांच्या सोबतीने होतं. ते सावलीत बसले होते, आणि कुणासाठी थांबतोय हे त्यांना माहीत होतं. गेलेला माणूस त्यांचा होता. त्यांच्यापैकी प्रत्येकाला वीस मिनिटं परवडणारी होती. ड्रायव्हरचं जागणं त्याच्या एकट्याचं होतं, परक्याच्या दुःखासाठी होतं, आणि त्यात त्याचा वाटेकरी कुणी नव्हता. शंभर जणांचा थोडा थोडा त्रास एकावर गोळा करून टाकला की बेरीज कमी होते, आणि कागदावर ते कार्यक्षम दिसतं. पण असा कारभार कुठल्याही घरात आपण न्यायाचा मानत नाही. सगळ्यांची कामं आई एकटी करते म्हणून घराचा एकूण वेळ वाचतो, हे समर्थन आता आपल्याला पटत नाही. तसंच हे आहे.

दिवस मावळायला थोडा अवकाश असताना आम्ही पोचलो. पुढचं मी लिहीत नाही, ते मित्राचं आहे. ड्रायव्हर गाडी रस्त्याच्या कडेला लावून लांबच उभा राहिला. घरात चूल पेटणार नव्हती. शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणली, त्यातली त्यालाही नेऊन दिली. मग त्याने मला विचारलं, "तुम्ही परत कधी निघणार, साहेब? उद्या असेल तर मी लातूरला थांबतो." ॲपवर त्या भागातून पुण्याचं भाडं दिसतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्याबरोबरच परत आलो. रात्री तो लातूरला बसस्टँडजवळ गाडीतच झोपला होता. मी नसतो निघालो, तर चारशे किलोमीटर रिकामी गाडी आली असती. आमच्या साडेसात हजारांत त्या रात्रीचा रुपया नव्हता.

परतताना मला माझा स्वतःचा ऑन-कॉल आठवत होता. आमच्याकडे दर काही आठवड्यांनी एकाची पाळी असते. लॅपटॉप जवळ ठेवायचा, फोन चालू ठेवायचा, रात्री अलर्ट आला तर उठायचं. अलर्ट आला नाही तरी त्या आठवड्याचा भत्ता मिळतो. रात्री उठावं लागलं तर सकाळी उशिरा गेलेलं चालतं, आणि पुढच्या आठवड्यात पाळी दुसऱ्याची. म्हणजे माझं नुसतं तयार असणं हेही काम आहे, असं कंपनी मानते. ड्रायव्हरचा आणि माझा या बाबतीतला धंदा एकच आहे: हाक आली की उठणं. फरक इतकाच की माझं वाट पाहणं पगारात धरलेलं आहे आणि त्याला किलोमीटर मोजून पैसे मिळतात. गाडी उभी असली की त्याच्या लेखी काहीच घडत नसतं.

टॅक्सीच्या भाड्यात 'वेटिंग चार्ज' नावाची एक ओळ असते. गिऱ्हाईक गाडी उभी ठेवून दवाखान्यात किंवा देवळात गेलं, तर तासाला इतके रुपये. गाडीत बसल्यानंतरच्या थांबण्याचे पैसे द्यायचे असतात, हे तत्त्व म्हणून आपल्याला कधीच मान्य आहे. मी फक्त एवढंच म्हणतो की बसायच्या आधीचं आणि उतरल्यानंतरचं थांबणंही त्याच प्रवासाचा भाग आहे.

कायद्याला हे अगदीच सुचलं नव्हतं असं नाही. १९६१ साली संसदेने मोटर वाहतूक कामगारांसाठी कायदा केला. त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा घातली, लांबच्या मार्गांसाठी थोडी सवलत ठेवून. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांना. एसटीच्या ड्रायव्हरला त्याचा आधार होता. स्वतःची एकच गाडी कर्ज काढून घेतलेल्या माणसाचा मालकही तोच आणि कामगारही तोच. त्याला झोप म्हणून सांगणारं कुणी नाही, गाडीचा हप्ता मात्र आहे.

म्हणून मला एसटीच्या त्या साडेदहाच्या वचनाबद्दल अलीकडे जास्त आदर वाटतो. वेळापत्रक ही थांबणं वाटून घेण्याची पद्धत आहे. प्रत्येकाने थोडं थोडं थांबायचं, म्हणजे कुणा एकाला सगळं थांबावं लागत नाही, आणि गाडी चालवणाऱ्याची ड्यूटी संपते तेव्हा दुसरा ड्रायव्हर येतो. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा ही वाटणी मोडली. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी गाड्या केल्या. बाकीचे रस्त्यावर उभे राहिले. लातूर-अहमदपूर मार्गावर दुपारी दर अर्ध्या तासाला खात्रीची गाडी असेल, तर टॅक्सीची गरज संपणार नाही, मृत्यू वेळापत्रक पाहून येत नाही. पण टॅक्सी फक्त अशाच दिवसांसाठी उरेल.

तोवर आपण टॅक्सी करणारच, मीही करणार. हल्ली लांबच्या गाडीत बसलो की मी विचारतो, दादा, झोप झाली का? उत्तर दर वेळी एकच येतं, झाली. दुसरं येऊच शकत नाही, कारण 'नाही' म्हणायची किंमत म्हणजे अख्खं भाडं. नुसता प्रश्न विचारून आपलं समाधान होतं, त्याच्या पदरात काही पडत नाही. म्हणून आता मी प्रश्नाच्या आधी सांगून टाकतो: वाटेत अर्धा तास झोपायला थांबायचंय, तो वेळ धरूनच मी निघालोय, आणि आडगावी जायचं असलं तर परतीचं काय ते आत्ताच ठरवू. परवा नगरला जाताना हे सांगितलं तर ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, मग आत्ताच घेतो की सर, दहा मिनिटं.

आम्ही अजून वाघोलीही ओलांडली नव्हती.